पैनगंगेकांठची हळद
(आकाशवाणीवरील भाषण)

आज सकाळीं आपल्या स्वयंपाकघरांत फोडणी पडली असेल, तेव्हां मोहरी-हिंगाबरोबर चिमूटभर हळदहि तींत पडली असेल. ही हळद कोठून आली, हा विचार मात्र आपणांपैकीं फार थोड्यांच्या मनांत आला असेल. पुडीवर छापलेलें नांव एखाद्या मोठ्या शहरांतील कारखान्याचें असतें. ज्या मातींत ती हळद आठ-नऊ महिने वाढली, त्या मातीचा त्यावरून कांहींच पत्ता लागत नाहीं. आज मी आपणांस त्या मातीकडे घेऊन जाणार आहे, आणि तेथें गेल्यावर एक प्रश्न आपणांपुढें ठेवणार आहे. जो प्रदेश एखादें पीक चांगलें पिकवितो, त्याच प्रदेशांत त्या पिकाची विद्या आणि त्या पिकाचा उद्योग हीं दोन्ही कशीं रुजावींत, हा तो प्रश्न होय.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, उमरखेड तालुक्यांत, ढाणकी नांवाचें गांव आहे. अलीकडे तेथें नगरपंचायत झाली आहे. बाजारभावांचे जे तक्ते रोज प्रसिद्ध होतात, त्यांत उमरखेडच्या बाजारास ‘उमरखेड-डांकी’ असें जोडनांव आढळतें. ढाणकीची बाजारपेठ म्हणून जी ओळख आहे, तिची ही खूणच म्हणावयाची. एका अंगास पैनगंगेचें पात्र, पूर्वेस सागवानाचें रान व पैनगंगा अभयारण्य, आणि मध्यें काळ्या जमिनीचा पट्टा, अशी या मुलखाची ठेवण आहे. पीक मुख्यतः कापसाचें, सोयाबीनचें व तुरीचें. पण जेथें विहिरीचें अगर कालव्याचें पाणी पोंचलें, तेथें ऊस व केळी आली आणि त्यांच्याबरोबर हळदहि आली. नदीच्या पलीकडे नांदेड जिल्हा लागतो, व त्याच्याहि पुढें हिंगोली आणि वसमत. महाराष्ट्रांतील हळदीचा मोठा भाग आज या टापूंत पिकतो. सांगलीचें नांव हळदीशीं आपल्या मनांत पक्कें जोडलेलें असलें, तरी लागवडीचें केंद्र मराठवाडा व त्यास लागून असलेल्या विदर्भाच्या कांठाकडे सरकलें आहे, ही गोष्ट शहरांतील पुष्कळांस ठाऊक नसते.

हळदीचें पीक सोपें नाहीं. उन्हाळा सरतां सरतां जमीन तयार करून गादीवाफे घालावयाचे आणि त्यांवर बेणें लावावयाचें. एका एकरास सुमारें दहा क्विंटल बेणें लागतें. म्हणजे कापसाचें बीं पिशवींतून घरीं येतें, तर हळदीचें बेणें गाडींतून आणावें लागतें. पावसाळ्यांत पाणी साचलें कीं कंद कुजतो, कंदमाशी लागते, पानांवर करपा येतो. पुढें हिंवाळा संपत आला म्हणजे पाला सुकतो. तो कापून कंद खणून काढतात. मग बायाबापड्या शेतांत बसून मधला जेठा गड्डा, बगल गड्डे व हळकुंडें वेगवेगळीं करतात. हळकुंडें शिजवितात, दहा-पंधरा दिवस उन्हांत वाळवितात आणि फिरत्या पिंपांत घालून घांसून चकचकीत करतात. पांच क्विंटल ओली हळद अशा रीतीनें एक क्विंटल सुकी होते. वर्षाचे जवळजवळ दहा महिने शेतकऱ्याचा जीव या एका पिकांत अडकलेला असतो.

आणि एवढें करून शेवटीं काय होतें? पोतीं भरून माल हिंगोली, वसमत, नांदेड अशा बाजारांकडे जातो. तेथें व्यापारी एक हळकुंड मोडून पाहतो, रंग बघतो, खणखणीतपणा बघतो आणि भाव बोलतो. तिकडल्या एका वयस्क शेतकऱ्यास मीं एकदां विचारलें, “दादा, तुमच्या हळदींत कुर्कुमिन किती?” तो हंसला व म्हणाला, “साहेब, ते घेणाऱ्याले ठावं. आमाले वजन ठावं.”

या उत्तरांत माझ्या आजच्या भाषणाचा सारा विषय आला आहे.

कुर्कुमिन म्हणजे हळदीस पिवळेपणा देणारें द्रव्य. १८१५ सालीं व्होगेल आणि पेल्टिए या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं तें प्रथम वेगळें काढलें, व १९१० च्या सुमारास त्याच्या रेणूची रचना कळली. आज औषधांचे, प्रसाधनांचे व खाद्यरंगांचे कारखाने हळद विकत घेतात ते मुख्यतः या द्रव्यासाठीं. आतां साधा हिशेब पाहा. एका शेतकऱ्याच्या शंभर किलो सुक्या हळदींत हें द्रव्य तीन टक्के आहे, दुसऱ्याच्या तितक्याच हळदींत पांच टक्के. पहिल्यापासून कारखान्यास फार तर तीन किलो मिळेल, दुसऱ्यापासून पांच किलो. परंतु दोघांचींहि पोतीं बाजारांत शेजारीं शेजारीं पडलीं, तर रूपावरून दोघांस जवळजवळ एकच भाव मिळण्याचा संभव असतो. ज्याला आपल्या मालाचा गुण मोजतां येत नाहीं, त्याला त्या गुणाची किंमतहि मागतां येत नाहीं. ढाणकीच्या शेतकऱ्याजवळ जमीन आहे, कष्ट आहेत, पीक आहे; त्याच्याजवळ नाहीं तें मोजमाप.

या दुखण्यावर अलीकडे एक औषध सुचविलें जातें. त्याला इंग्रजी जाणणारे लोक ‘क्लस्टर’ म्हणतात, आणि सरकारी कागदांत ‘समूह विकास’ असें त्याचें नांव आहे. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनीं १८९० सालीं आपल्या ग्रंथांत तिचें विवेचन केलें होतें. शेफील्डला चाकू-कात्र्यांचे कारखाने एकत्र कां जमले, याचा विचार करतांना त्यांनीं तीन कारणें दाखविलीं. एका ठिकाणीं एकच धंदा करणारे पुष्कळ लोक असले कीं त्या कामांत तरबेज असलेले कारागीर तेथें मिळतात; त्या धंद्यास लागणारीं यंत्रें, दुरुस्ती व वाहतूक पुरविणारे पूरक धंदे तेथें उभे राहतात; आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें, म्हणजे धंद्यांतील खुब्या एकाच घरांत कोंडून राहत नाहींत. बापाच्या शेजारीं बसलेल्या मुलाला त्या न शिकवितां समजतात, आणि एकाला सुचलेली सुधारणा दुसरा उचलून तींत आपली भर घालतो.

मला स्वतःला ही कल्पना समजावून घेण्यास हळदीचाच गड्डा पुरेसा वाटतो. मध्यें एक जेठा गड्डा असतो. त्याच्या अंगाला बगल गड्डे फुटतात, व त्यांच्याभोंवतीं हळकुंडें. प्रत्येकाचा आकार निराळा, पण मुळें एका मातींत. उद्योगाचा समूहहि असाच असावा लागतो. नुसत्या पत्र्याच्या शेडी जवळजवळ उभ्या केल्या तर तो समूह होत नाहीं. टोपलींत एकत्र टाकलेल्या हळकुंडांना आपण गड्डा म्हणत नाहीं.

आपल्याच राज्यांत याचीं उदाहरणें आहेत. सांगलीजवळ हरिपुरास जमिनींत खोल पेंवें खणून त्यांत हळद सांठविण्याची पद्धत होती. त्या मातीचा गुण असा, कीं पेंवांतली हळद वर्षानुवर्षें कीड न लागतां राही. पेंव होतें म्हणून भाव पडल्यावर माल थांबवून ठेवतां येई. माल थांबे म्हणून व्यापारी तेथें येत. व्यापारी येत म्हणून अडते, हमाल, पॉलिश करणारे, दळणारे असे सारे तेथें जमले. २००५ च्या महापुरांत पुष्कळ पेंवांचें नुकसान झालें. पण पेंवांभोंवतीं जमलेली बाजाराची विद्या शिल्लक राहिली, आणि आज लागवड दूर सरकली असतांहि सांगलीची पेठ टिकून आहे.

दुसरें उदाहरण नाशिकच्या द्राक्षांचें. १९९१ सालीं द्राक्ष बागाइतदारांच्या सहकारी संस्थांनीं एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही संस्था काढली व परदेशीं माल पाठविण्यास सुरुवात केली. पुण्याजवळ मांजरी येथें १९९७ सालीं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निघालें. २००६ पासून निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद ठेवण्याची ‘ग्रेपनेट’ ही पद्धत सुरू झाली, व त्यामुळें युरोपांतल्या दुकानांतील द्राक्षाचा माग नाशिकच्या बागेपर्यंत काढतां येऊं लागला. तरीहि २०१० सालीं एका वाढनियंत्रक रसायनाचे अंश सांपडल्यामुळें युरोपनें पुष्कळ द्राक्षें नाकारलीं आणि बागाइतदारांस मोठा फटका बसला. त्या धक्क्यानंतर हा धंदा मोडला नाहीं, याचें कारण एकमेकांस विचारण्याची, तपासण्याची व सुधारण्याची संवय तेथें आधींच लागलेली होती. समूहाचा खरा उपयोग असा अडचणीच्या वर्षीं कळतो.

येथें एखादा श्रोता म्हणेल, “हें सर्व ठीक आहे, पण ढाणकीसारख्या ठिकाणीं जीवशास्त्राची विद्या आणावयाची कशाला? ती विद्यापीठांत राहूं द्या. शेतकऱ्याला तिचीं फळें मिळालीं म्हणजे पुरे.” या आक्षेपास मला थोडें सविस्तर उत्तर द्यावयाचें आहे, कारण यवतमाळ जिल्ह्यानें या बाबतींत फार जबर किंमत दिलेली आहे.

२००२ सालीं भारतांत बीटी कापसास परवानगी मिळाली. आधुनिक जीवशास्त्राचें तें फळ शेतकऱ्यांपर्यंत पोंचलें तें बंद पाकिटांतून. प्रथम त्यानें बोंडअळीपासून पिकास संरक्षण दिलें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण त्याच्याबरोबर पाळावयाचीं पथ्यें शेताच्या बांधापर्यंत पोंचलींच नाहींत. वाण बदलला, अळी बदलली, आणि २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें कापूस पोखरून काढला. त्याच पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत उंच वाढलेल्या कपाशींत फवारणी करतांना शेकडों शेतकऱ्यांस व मजुरांस विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसें दगावलीं. कोणतें औषध कशांत मिसळावें, केव्हां फवारावें, वारा कोणत्या दिशेचा असावा, अंगावर काय घालावें, हें ज्ञान औषधाच्या डब्याबरोबर विकत मिळत नाहीं. तें गांवांत कोणाजवळ तरी असावें लागतें, आणि त्याला रोज विचारतां यावें लागतें.

हळदीच्या बाबतींत तर याहून विलक्षण प्रकार घडला. जखमेवर हळद लावावी हें आपल्या आजीला ठाऊक होतें. तिच्या आजीलाहि ठाऊक होतें. तरी १९९५ सालीं अमेरिकेंतील एका विद्यापीठास ‘जखम भरून काढण्यासाठीं हळदीचा उपयोग’ या शोधाचें पेटंट मिळालें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं त्यास आव्हान दिलें, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. परंतु तें रद्द करण्यासाठीं आजीची साक्ष उपयोगी पडली नाहीं. जुने संस्कृत ग्रंथ व १९५३ सालच्या एका वैद्यकीय नियतकालिकांतील लेख पुराव्यादाखल पुढें करावे लागले. जें ज्ञान नुसतें हातांत व तोंडांत राहतें, त्याची नोंद होत नाहीं, त्यावर दुसरा कोणीहि आपलें नांव घालूं शकतो. पाकिटांतून आलेलें परकें ज्ञान आपल्याला कळत नाहीं, आणि घरांतलें ज्ञान आपण मोजून लिहून ठेवीत नाहीं. या दोन उणिवांच्या मध्यें आपला शेतकरी सांपडला आहे.

म्हणून ढाणकीसारख्या ठिकाणीं समूह उभारावयाचा तर आरंभ कशापासून करावा? माझ्या मतें चार गोष्टींपासून, आणि त्यांपैकीं एकीलाहि मोठी इमारत लागत नाहीं.

पहिली गोष्ट बेण्याची. हळदीचे रोग पुष्कळदां बेण्याबरोबर शेतांत येतात. पांच-पंचवीस शेतकऱ्यांनीं मिळून निरोगी बेण्याचा एक मळा राखला, लावणीपूर्वीं बेणेंप्रक्रिया एकत्र केली, व कंदकुजीवर उपयोगी पडणारी ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी स्थानिक प्रयोगशाळेंत वाढवून घेतली, तर जीवशास्त्राचा पहिला धडा गांवांतच मिळेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाची स्थापना १९६९ सालीं झाली, आणि ज्यांच्या कारकीर्दींत ती झाली ते मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे ढाणकीच्या शेजारच्या पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे. विदर्भांतच वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. म्हणजे वाण आहेत आणि शास्त्रज्ञहि आहेत. उणीव आहे ती त्यांचा व शेतकऱ्यांचा रोजचा संबंध असण्याची.

दुसरी गोष्ट शिजविण्याची. एक शेतकरी कढईंत अर्धा तास शिजवितो, दुसरा दीड तास. एकाचें हळकुंड आंतून कच्चें राहतें, दुसऱ्याचें फुटतें. वाफेवर शिजविण्याचीं यंत्रें गटानें वापरलीं तर सर्वांचा माल एकसारखा होतो. शिवाय जळण कमी लागतें, आणि अभयारण्याला खेटून असलेल्या मुलखांत ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. हळद शिजवावयाची म्हणून सागवानाच्या रानावर कुऱ्हाड चालूं लागली, तर तो उद्योग आपल्याच पायावर कुऱ्हाड मारील.

तिसरी गोष्ट तपासणीची, आणि मी तिला जेठा गड्डा म्हणेन. हळदीच्या अर्कांतून प्रकाश किती शोषला जातो हें मोजून कुर्कुमिन ठरविणारें यंत्र एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतहि मावतें. गांवची विज्ञान शिकलेलीं मुलें व मुली तें काम सहज शिकतील. प्रत्येक पोत्याबरोबर एक चिठ्ठी जावी: हळद कोणत्या शेतांतली, बेणें कोणतें, शिजविली केव्हां, कुर्कुमिन किती, ओलावा किती, आणि शिसें नाहीं. शिशाचा उल्लेख मीं मुद्दाम केला. बांगलादेशांत हळकुंडांस झळझळीत पिवळेपणा यावा म्हणून शिशाचें क्रोमेट हा विषारी रंग चोळण्याची वाईट चाल होती. २०१९ सालीं तेथील बाजारांतले सत्तेचाळीस टक्के नमुने त्यानें दूषित निघाले. संशोधकांनीं पुरावे मांडले, सरकारनें व्यापाऱ्यांवर खटले केले, लोकांस सावध केलें, आणि हातांत धरावयाच्या क्ष-किरण यंत्रानें बाजारांतल्या बाजारांत तपासणी सुरू केली. २०२१ सालीं असा एकहि नमुना आढळला नाहीं. तपासणीनें धंदा बुडतो, असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. तपासणीनें बुडाला तो लबाडीचा धंदा.

चौथी गोष्ट माणसांची, आणि ती सर्वांत अवघड. मेघालयांत पश्चिम जैंतिया टेकड्यांमध्यें लाकाडोंग नांवाची हळद होते. तींत कुर्कुमिन सात टक्क्यांच्या आसपास असतें. ती हळद लोकांस माहीत होतीच. पण तिचा उद्योग वाढविण्यास हातभार लावला तो ट्रिनिटी सायू या शाळाशिक्षिकेनें. तिनें शेकडों स्त्रियांस एकत्र केलें, त्यांस बेणें मिळवून दिलें, सरकारी योजना समजावून दिल्या आणि लागवड वाढविली. २०२० सालीं तिला पद्मश्री जाहीर झाली. पुढल्याच वर्षीं केंद्र सरकारनें फलोत्पादनाचे जे बारा समूह प्रयोगादाखल निवडले, त्यांत नाशिकचीं द्राक्षें व सोलापूरचीं डाळिंबें यांच्याबरोबर पश्चिम जैंतिया टेकड्यांची हळदहि होती. सरकार तेथें आलें. पण त्याच्या आधीं ती शिक्षिका तेथें होती, हा क्रम विसरून चालणार नाहीं.

आतां ढाणकीची खास अडचण सांगतों. ती आहे नदी. १९५६ पूर्वीं पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड व पलीकडे हैदराबाद संस्थानाचा मुलूख होता. आज दोन्ही तीर एकाच महाराष्ट्रांत आहेत. तरीहि अलीकडचा शेतकरी अमरावती विभागाचा, पलीकडचा मराठवाड्याचा. अलीकडे अकोल्याचें विद्यापीठ, पलीकडे परभणीचें. वसमतला २०२२ सालीं बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालें; वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; आणि जानेवारी २०२५ मध्यें तेलंगणांत निजामाबादेस कार्यालय असलेलें राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालें. म्हणजे ढाणकीच्या भोंवतीं हळदीच्या विद्येचीं ठाणीं उभीं राहत आहेत, आणि ढाणकी मात्र प्रत्येकाच्या नकाशाच्या कडेला आहे. योजना जिल्हा पाहून आंखल्या जातात. पिकाला जिल्हा कळत नाहीं. कंदमाशी परवाना काढून नदी ओलांडीत नाहीं. म्हणून या टापूंत समूह करावयाचा तर तो नदीच्या दोन्ही तीरांचा मिळून करावा, आणि दोन्ही विद्यापीठांनीं त्यांत एका पंक्तीस बसावें. कडेला असणें हा शाप वाटतो खरा. पण पूल बांधावयाचा झाला तर कांठच्याच गांवाचा उपयोग होतो.

या कल्पनेविरुद्ध दोन शंका राहतात, आणि त्या खोट्या नाहींत. पहिली भावाची. २०१०-११ सालीं हळद क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेली होती. दोन वर्षांच्या आंत ती चार हजारांच्या आसपास आली. ज्यांनीं चढता भाव पाहून कर्ज काढून लागवड केली ते अडचणींत सांपडले. २०२३ सालीं भाव पुन्हां उसळला. समूह झाल्यानें हे चढउतार थांबतील असें मी म्हणत नाहीं. पण ज्याच्याजवळ कोरडें कोठार आहे, गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळण्याची सोय आहे, आणि मालाच्या गुणाची चिठ्ठी आहे, त्याला पडत्या भावांत दुसऱ्याच दिवशीं विकण्याची सक्ती नसते. शिवाय सारी जमीन हळदीखालीं घालावी असेंहि कोणी सुचवूं नये. तूर व सोयाबीन हीं घरच्या पोटाला आणि जमिनीला दोहोंलाहि आधार आहेत.

दुसरी शंका संस्थांची. याच उमरखेड तालुक्यांत पोफाळी येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या जोरावर ऊस वाढला. आणि पुढें एक काळ असा आला कीं कारखाना कांहीं हंगाम बंद राहिला व ऊस घेऊन जावें कोठें हा प्रश्न शेतकऱ्यांपुढें पडला. एकाच मोठ्या धुराड्यावर सारा तालुका अवलंबून राहिला, तर तें विझल्यावर सगळ्यांच्या घरीं अंधार होतो. म्हणूनच मी वर म्हटलें कीं आरंभ इमारतीपासून करूं नये. बेणेंमळा एकाचा, वाफेचें यंत्र दुसऱ्या गटाचें, दळण तिसऱ्याचें, तपासणी महाविद्यालयाची, अशी कामें वांटलेलीं असावींत. एक हळकुंड कुजलें तरी गड्डा जगावा. आणि या वांटपांत जी बाई दिवसभर उन्हांत बसून हळकुंडें वेगळीं करते, तिचा वांटा आरंभींच ठरवून ठेवावा. मालाला चढा भाव मिळाला आणि तिची मजुरी होती तेथेंच राहिली, तर त्या उद्योगाचा पिवळेपणा वरवरचाच म्हटला पाहिजे.

श्रोतेहो, आपण शहरांत राहतों. आपणांस या कामांत काय करतां येईल, असें आपण विचाराल. आपण दुकानांत हळद घेतांना केवळ रंग पाहूं नये. हळद कोठली, तपासलेली आहे काय, असें दुकानदारास विचारावें. पहिल्यांदां तो चकित होईल. दहा जणांनीं विचारल्यावर तो घाऊक व्यापाऱ्यास विचारील. आणि घाऊक व्यापाऱ्यानें विचारलें म्हणजे तो प्रश्न केव्हां तरी पैनगंगेच्या कांठापर्यंत पोंचेल. तेथें त्याचें उत्तर देणारी चिठ्ठी लिहावयास कोणी तरी बसलेलें असावें, एवढीच माझी इच्छा आहे. आपल्या घरांत रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकलेलीं मुलें असतील. मोठ्या कारखान्याच्या दारांत उभें राहण्यापूर्वीं एकदां तरी त्यांनीं अशा एखाद्या बाजारगांवीं जाऊन यावें. त्यांच्या विद्येची तेथें वाट पाहिली जात आहे.

त्या वयस्क शेतकऱ्याचें वाक्य मीं मघाशीं सांगितलें. “ते घेणाऱ्याले ठावं.” पुढल्या वेळीं कोणी त्याला तोच प्रश्न केला, तर त्यानें खिशांतून एक कागद काढावा व म्हणावें, “साडेचार टक्के, साहेब, हे पाहा.” ज्या दिवशीं हें घडेल, त्या दिवशीं ढाणकीस हळदीचा उद्योग रुजला असें मी समजेन, मग तेथें इमारत उभी राहिलेली असो वा नसो.